चिऱ्याच्या घरात ॲक्सेस पॉइंट कुठे लावायचे?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. फोंड्याकडचं जुनं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर, मध्ये उघडा चौक. मागच्या अंगाला नंतर बांधलेली दुमजली आरसीसी इमारत, खाली तीन आणि वर तीन अशा सहा खोल्या. त्या आता होमस्टेला द्यायच्या आहेत. चार ॲक्सेस पॉइंट, म्हणजे राउटरला केबलने जोडून वायफाय पसरवणारी यंत्रं, घेऊन ठेवलेत. इलेक्ट्रिशियन म्हणतो, मागच्या इमारतीत दोन्ही मजल्यांच्या पॅसेजमध्ये एकेक, एक सोप्यावर आणि एक राउटरजवळ लावू, केबल कमी लागेल. हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारताय.

केबल कमी लागेल, एवढं बरोबर आहे.

मी गेली १८ वर्षं गोव्यात हेच काम करतोय आणि सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही सगळं पॅसेजमध्येच लावायचो. पॅसेजला केबल ओढायला सोपी, शिडी लावायला जागा, कुणाच्या खोलीत शिरावं लागत नाही. मग पाहुण्यांची तक्रार यायची: पॅसेजमध्ये नेट धावतं, पलंगावर बसलं की अडकतं. मालक मला फोन करायचा, मी येऊन पॅसेजमध्ये उभा राहून स्पीड टेस्ट दाखवायचो आणि निघून जायचो. आता आठवलं की लाज वाटते.

तुमच्या बाबतीत बऱ्याच गोष्टी घर बघितल्याशिवाय सांगता येणार नाहीत. चिऱ्याची भिंत दीड फुटाची की दोन, मागच्या खोल्या एका ओळीत आहेत की जिन्याभोवती, बाथरूम दाराजवळ आहे की खिडकीकडे, यावर उत्तर बदलतं. म्हणून नुसत्या जागा सांगण्यापेक्षा मी विचार कसा करतो तो सांगतो, म्हणजे नकाशा हातात घेऊन तुम्हाला पडताळता येईल.

सुरुवात फोनपासून करायची. ॲक्सेस पॉइंट छतावर बसून मोठ्याने बोलू शकतो, त्याला भिंतीतून वीज मिळते, अँटेना चांगल्या असतात. पण फोनलाही उत्तर द्यायचं असतं, आणि त्याचा आवाज बारीक. ॲक्सेस पॉइंट २० डीबीएम (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलत असेल, तर फोन साधारण १५ डीबीएमच्या आसपास, त्यातून तो हाताच्या मुठीत किंवा उशीखाली. त्यामुळे फोनवर चार काड्या दिसतात, पण व्हिडिओ कॉल तुटतो: फोनला ऐकू येतंय, त्याचं कुणाला ऐकू जात नाही. दुकानदार सांगतो, 'पॉवर हायवर टाका.' त्याने काड्या वाढतात, फोनचा आवाज वाढत नाही. म्हणून माणूस जिथे बसतो-झोपतो तिथून ॲक्सेस पॉइंटपर्यंत किती भिंती लागतात, हे आधी मोजायचं.

आता भिंती. फोनपर्यंत पोचलेल्या सिग्नलची ताकद ऋण आकड्यात दिसते, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. दर ३ डीबी घटले की ताकद निम्मी होते, १० डीबीला दहावा हिस्सा उरतो, २० डीबीला शंभरावा. व्हिडिओ कॉल नीट चालायला मी पलंगावर उणे ६५ धरतो, फार तर उणे ६७. उणे ७० च्या खाली गेलं की तक्रार येणारच.

सावईवेऱ्याकडच्या एका जुन्या घरात मी एकदा मालकाच्या समोरच मोजून दाखवलं होतं. ॲक्सेस पॉइंट सोप्यावर, मी त्याच्यापासून तीन-चार मीटरवर, ५ गिगाहर्ट्झवर (वायफायचे मुख्य पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) आकडा उणे ४८. तिथून बाजूच्या खोलीत गेलो, मध्ये एक चिऱ्याची भिंत, जवळपास दोन फुटी. अंतर फारसं वाढलं नव्हतं, आकडा उणे ७४. मग त्याच खोलीत दोन पावलं सरकून उघड्या दाराच्या रेषेत आलो, तर उणे ५७. मालक म्हणाले, 'म्हणजे हे दारातून जाता?' मी म्हटलं, 'होय, माणसासारखंच.'

जुन्या घरात ही एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी निम्मं काम होतं. वायफाय चिऱ्यातून जात नाही असं नाही, पण एका भिंतीत ५ गिगाहर्ट्झचा जीव जवळजवळ जातो, २.४ गिगाहर्ट्झ थोडा तगतो आणि दुसऱ्या भिंतीला तोही हात टेकतो. लाकडी दार, शिंपल्यांची खिडकी, झरोका यांतून मात्र आरामात जातं. म्हणून मी रात्री एक साधी युक्ती करतो. घरातले दिवे मालवायचे, जिथे ॲक्सेस पॉइंट लावायचा विचार आहे तिथे शिडीवर चढून एक उघडा बल्ब धरायचा आणि कुणालातरी खोल्याखोल्यांतून फिरायला सांगायचं. जिथे बल्ब थेट दिसतो तिथे ५ गिगाहर्ट्झ उत्तम मिळणार. जिथे नुसता उजेड फाकलाय तिथे बऱ्यापैकी. जिथे मिट्ट काळोख, तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट लागणार. शास्त्रीय मोजणी नव्हे ही, पण दोन फुटी भिंतींच्या घरात ती मला फारशी दगा देत नाही.

या युक्तीत तुमचा चौक कामाला येतो. चौकाच्या चारी बाजूंच्या खोल्यांची दारं बहुधा चौकाकडेच उघडतात. मग तिथल्या पडवीत, तुळशीवर पडणाऱ्या पावसाचे तुषार पोचणार नाहीत अशा कोपऱ्यात, वाशाला एक ॲक्सेस पॉइंट टांगला, तर सोपा, आतली खोली, स्वयंपाकघराचं दार असं सगळं एकावेळी नजरेत येतं. तुमच्या इलेक्ट्रिशियनने सोप्यावर सुचवलेला मी आधी चौकात धरून बघेन. सोप्याचं दार चौकाच्या रेषेत असेल, तर सोप्यावर वेगळा लागणारही नाही.

चौकात लावताना बाहेर वापरायचं मॉडेल घ्या, आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) किंवा त्यावरचं. घरात वापरायच्या मॉडेलला पडवी चालते असं दुकानात सांगतील. गोव्याचा जून त्यांनी दुकानातूनच बघितलेला असतो.

पावसाची आणखी एक गंमत. चिरा पाणी पितो. गिलावा नसलेली बाहेरची भिंत जुलैत हात लावला तर थंड ओली लागते, आणि पाणी या लहरी गिळतं. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, तो अन्नातलं पाणीच तर तापवतो. तुमचा वायफाय त्याच्या शेजारचा, ताकदीने अगदीच दुबळा, पण गिळला जातो तसाच. म्हणून मे महिन्यात मोजणी करून उणे ६५ मिळालं म्हणून खूश होऊ नका, पाच-सहा डीबी हातचे ठेवा. बागेतल्या झाडांचंही तेच. उन्हाळ्यात कुळागरातल्या बाकापर्यंत पोचणारा सिग्नल पावसाळ्यात पोफळींच्या ओल्या झावळ्यांत विरतो.

आता मागची इमारत, कारण पैसे देणारा पाहुणा तिथे आहे. होमस्टेच्या खोल्यांची रचना बहुतेक ठिकाणी ठरलेली: दार उघडलं की बाजूला बाथरूम, पुढे पलंग, टोकाला खिडकी किंवा बाल्कनी. आता पॅसेजच्या छतापासून पलंगापर्यंत मनातल्या मनात दोरी ताणा. ती बाथरूमच्या टाइल्स, पाण्याचे पाइप, आरसा आणि बऱ्याचदा लोखंडी कपाट यांतून जाते. आरशाच्या मागे धातूचा मुलामा असतो, कपाट तर अख्खं धातूचं, त्यांवर लहर आपटून परत फिरते. म्हणजे खोलीतला सगळ्यात जड भाग पाहुण्याच्या आणि ॲक्सेस पॉइंटच्या मध्ये आपणच उभा करतो.

लांब पॅसेजमध्ये एकाहून जास्त लावले तर दुसरा तोटा. ते एकमेकांना स्वच्छ बघतात. एकाच चॅनलवर असले तर एक बोलतो तेव्हा दुसरा गप्प बसतो, वायफायचा नियमच तसा. खोल्यांमध्ये लावले की भिंतीच त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवतात. इथे भिंत आपल्या उपयोगी पडते.

म्हणून तुमच्या सहा खोल्या एका ओळीत तीन-तीन असतील, तर खाली मधल्या खोलीत एक आणि वर मधल्या खोलीत एक. दोन्ही बाजूंच्या खोल्यांना एकेकच भिंत आड येते, आणि आरसीसी इमारतीतली आतली भिंत जुन्या चिऱ्याच्या मानाने पातळ. एकाच्या डोक्यावर दुसरा अगदी बरोबर येऊ देऊ नका: खालचा दाराच्या बाजूला, वरचा खिडकीच्या बाजूला. खोल्या जिन्याभोवती असतील तर मात्र हा हिशोब चालणार नाही, तेव्हा परत मोजावं लागेल.

पाहुण्याच्या खोलीत यंत्र लावायला मालक घाबरतात. एका ठिकाणी पाहुणीने त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता, तिला तो कॅमेरा वाटला. तेव्हापासून मी सेटिंगमध्ये जाऊन त्याचा दिवा बंद करतो आणि खोलीच्या माहितीच्या कागदावर एक ओळ लिहायला सांगतो: छतावरचं पांढरं गोल यंत्र वायफायचं आहे.

छत की भिंत? छतावर लावायच्या ॲक्सेस पॉइंटचा सिग्नल मधे भोक असलेल्या वड्यासारखा पसरतो: चहूबाजूंना दाट, नेमका खाली आणि वर विरळ. तो छताला सपाट लावला तर वडा आडवा राहतो, मजला भरतो. तोच भिंतीवर उभा लावला तर वडाही उभा राहतो, मग अर्धा वरच्या मजल्यावर आणि अर्धा खाली जमिनीत. भिंतीवरच लावायचा असेल तर भिंतीसाठीचं मॉडेल घ्या किंवा एल आकाराचा ब्रॅकेट मारून त्याचं तोंड खाली करा. जुन्या घराचं छत चौदा-पंधरा फुटांवर असेल तर मी छताच्या मागे लागत नाही, ब्रॅकेटवर नऊ-दहा फुटांवर लावतो. पंख्याच्या पात्यांच्या अगदी वर मात्र नको. आणि लाकडी छताच्या वर, माळ्यावर लपवायचा मोह टाळा. दिसायला छान, पण एप्रिल-मे मध्ये कौलांखालचा माळा भट्टी होतो. घरात वापरायच्या पुष्कळ मॉडेलांची मर्यादा ४० अंश सेल्सिअसची असते. उंदीर केबल कुरतडतात ते वेगळंच, तिथे पीव्हीसी पाइपातूनच केबल न्या.

चिऱ्याला भोक पाडताना जपून. ड्रिल सहज शिरतं, पण भोक फाकतं आणि गिट्टी धरत नाही, चार महिन्यांनी ब्रॅकेट हातात येतो. मी शक्य तिथे वाशाला किंवा चौकटीच्या लाकडाला स्क्रू मारतो. नाइलाज असेल तर लांब स्क्रू आणि लाकडाची ठोकलेली गुल्ली.

आणि चतुर्थी विसरू नका. हे मी थट्टेने सांगत नाही. माशेलकडच्या एका घरात मी छताच्या अगदी मधोमध, मोजून-मापून, ॲक्सेस पॉइंट लावला. काकी आतून आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, 'आणि माटोळी खंय बांदूं?' बरोबर तिथेच माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या मांडवीची चौकट टांगायच्या कड्या होत्या, नव्या रंगात त्या मला दिसल्याच नव्हत्या. नारळ, तोरिंगण, सुपारीचे घड, रानातली ओली पानं यांचा गच्च पडदा ॲक्सेस पॉइंटच्या नाकासमोर आला असता. तो दोन मीटर बाजूला घेतला. तेव्हापासून जुन्या घरात शिरलो की मी आधी कड्या शोधतो.

इलेक्ट्रिशियनने राउटरजवळ सुचवलेला चौथा तिथे लावू नका. फायबरची पेटी बहुधा गेटच्या बाजूच्या कोपऱ्यात येते, कारण वायर तिथून आत येते. तिथे कुणी बसत नाही. राउटरचा स्वतःचा वायफाय बंद करा, नाहीतर पाहुण्याचा फोन गेटपाशी तो पकडतो आणि खोलीत गेल्यावरही सोडता सोडत नाही. कुठला ॲक्सेस पॉइंट पकडायचा हे फोन ठरवतो, आपण नाही. आपण एवढंच करू शकतो की सगळ्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड द्यायचा आणि ताकद मध्यम ठेवायची, म्हणजे लांबचा लवकर फिका पडतो. २.४ वर २० मेगाहर्ट्झ रुंदी आणि १, ६, ११ हे तीनच चॅनल, कारण हेच तीन एकमेकांवर चढत नाहीत. हा चौथा तुम्हाला सोप्यासाठी, किंवा पाहुणे नाश्ता करतात त्या जागेसाठी लागेल. लागलाच नाही तर कपाटात ठेवा, एक ना एक दिवस वीज कडाडेल आणि तो उपयोगी पडेल.

विजेवरून सांगतो. जुनं घर आणि मागची इमारत यांच्यामध्ये तांब्याची नेटवर्क केबल ओढू नका. दोन्हींचं अर्थिंग वेगळं असतं. पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात गडगडाट होतो तेव्हा जवळपास वीज पडली तरी त्या केबलमध्ये झटका उतरतो आणि दोन्हीकडचे स्विच एकदम जातात. तेवढ्या भागात फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी छोटी पेटी) किंवा फायबरचं तोंड असलेला स्विच. काचेतून वीज जात नाही. तिथून पुढे प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला कॅट ६, त्याच केबलमधून पीओईने वीज. साध्या मॉडेलला स्विचच्या टोकाला १५.४ वॉटवाला पीओई पुरतो, मोठ्याला ३० वॉटवाला लागतो, ते खोक्यावर बघून घ्या. स्विच ते ॲक्सेस पॉइंट केबल १०० मीटरच्या आत, तुमच्या घरात तो प्रश्न येणार नाही. बिनतारी मेश, म्हणजे केबलशिवाय वायफायनेच एकमेकांना जोडलेली यंत्रं, मात्र चिऱ्याच्या घरात मी सुचवत नाही. ज्या भिंतीने फोनला अडवलं तीच भिंत दोन मेश यंत्रांनाही अडवते.

तुम्ही किनाऱ्यापासून आत आहात, तरी केबलच्या टोकांकडे लक्ष ठेवा. बार्देशच्या किनाऱ्यावरच्या एका गेस्टहाउसमध्ये दर सप्टेंबरला एक ॲक्सेस पॉइंट तासातासाला बंद-चालू व्हायचा. तिघांनी येऊन सेटिंग बदललं होतं. मी कनेक्टर काढून उजेडात धरला: आठांपैकी दोन पिनांवर हिरवी बुरशी चढल्यासारखी, नखाने खरवडली तर पूड निघाली. खाऱ्या दमट हवेत पीओईची वीज वाहत राहिली की तांबं असं खाल्लं जातं. केबल वरून खाली येऊन थेट यंत्रात शिरत होती, पाणी तिच्यावरून घसरत कनेक्टरमध्ये. टोक कापून नवीन कनेक्टर चढवला आणि केबलला यंत्राच्या खाली एक लोंबता वळसा दिला, म्हणजे थेंब वळशाच्या तळाशी गळून पडतो. तुमच्या चौकातल्या यंत्रालाही हा वळसा द्या.

भोक पाडायच्या आधी शेवटचं काम, आणि हे कुणी करत नाही. ॲक्सेस पॉइंट घडवंचीवर किंवा शिडीवर जवळपास ठरलेल्या उंचीला ठेवा, तोंड खाली, लांब केबलने जोडा. अँड्रॉइड फोनवर वायफायची ताकद दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. आयफोनवर ॲपलचं एअरपोर्ट युटिलिटी घ्यावं लागतं आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्यातला वायफाय स्कॅनर चालू करावा लागतो. मग सगळी दारं बंद करा, कारण पाहुणा रात्री दार बंद करूनच झोपणार. पलंगावर खरंच आडवे व्हा, फोन झोपून धरतो तसा धरा, ॲक्सेस पॉइंटकडे पाठ करा. अंग म्हणजे बरंचसं पाणीच, ते मध्ये आलं की आकडा खाली येतो. प्रत्येक खोलीत पलंगाची उशी आणि सगळ्यात वाईट कोपरा, असे दोन आकडे कागदावर लिहा. उशीवर उणे ६५ च्या आसपास आलं (कोरड्या दिवसांत मोजत असाल तर उणे ६० च्या आसपास) तर ती जागा पक्की. नाही आलं तर शिडी दोन फूट सरकवून परत. सहा खोल्या आणि जुनं घर मिळून एक सकाळ जाते, इलेक्ट्रिशियन सुरुवातीला हसतो, दुसऱ्या खोलीपासून तोच आकडे वाचून दाखवायला लागतो.

सगळं पक्कं झालं तरी प्रत्येक ठिकाणी दीड-दोन मीटर केबल गुंडाळून जास्तीची ठेवा. जुलैत भिंत ओली झाली की पुन्हा एकदा तेच आकडे घ्या, आणि एखाद्या खोलीत उशीवर उणे ७० दिसायला लागलं, तर यंत्र तेवढंच दाराच्या रेषेत सरकवता येईल, नवीन केबल ओढावी लागणार नाही.